नाव झाकून चाखलेल्या पाच पिल्सनर, आणि माझे चुकलेले गुण

प्रयोगवही

मागच्या महिन्यात आमच्या न्युरेनबर्गच्या घरी आम्ही चार मराठी मंडळींनी पाच बिअर नावे झाकून चाखल्या आणि रीतसर गुणपत्रके भरली. त्याचा वृत्तान्त येथे देत आहे, परंतु कोणती बिअर पहिली आली हे जाहीर करणे हा या धाग्याचा हेतू नाही. गुणांची बेरीज करताना माझ्या लक्षात आले की पहिल्या फेरीत मी निदान एका बिअरला नव्हे, तर ती ज्यात ओतली होती त्या ग्लासाला गुण दिले होते. ही चूक कशी झाली आणि ती टाळायची कशी, यावर येथील जाणकारांशी बोलावे असे वाटले.

पिल्सनरच का निवडली, हे आधी सांगते. आपल्याकडे एखाद्याच्या हाताची पारख साध्या वरणावरून करतात. रश्शात मसाला बरेच काही झाकतो, वरणाला मात्र डाळ, पाणी, मीठ आणि हिंग एवढ्यांवरच उभे राहावे लागते. पिल्सनरचे तसेच आहे. मोड आणून फिकट भाजलेले जव म्हणजे मॉल्ट, हॉप्स ही कडवट, सुगंधी फुले, पाणी आणि यीस्ट यांपलीकडे तिच्यात काही नसते, त्यामुळे करपट काळ्या बिअरमध्ये किंवा फळांच्या वासाच्या एल प्रकारच्या बिअरमध्ये सहज लपून जाणारा दोष येथे पहिल्याच घोटाला समोर येतो.

शिवाय या बिअरचा जन्मच एका कठोर परीक्षणातून झालेला आहे. १८३८ साली प्ल्झेन या चेक शहराच्या नागरिकांनी बिघडलेली ३६ पिंपे बिअर नगरभवनासमोर ओतून दिली. त्यानंतर तेथे नागरिकांच्या मालकीची नवी भट्टी उभी राहिली, बव्हेरियातून योसेफ ग्रोल या ब्रूमास्टरला बोलावण्यात आले, आणि त्याने ५ ऑक्टोबर १८४२ रोजी पहिला घाणा लावला. बव्हेरियातील थंड तळघरात सावकाश आंबवण्याची रीत, इंग्लंडमध्ये रुळलेली धूर न लागू देता मॉल्ट फिकट वाळवण्याची पद्धत, झातेत्स परिसरातील सौम्य सुगंधाचे हॉप्स आणि प्ल्झेनचे अत्यंत मृदू पाणी हे सगळे तेथे एकत्र आले, आणि सोनेरी, नितळ लागर, म्हणजे थंडीत सावकाश आंबवून मुरवलेली बिअर, तयार झाली.

आमच्या पाच बाटल्या अशा होत्या: पिल्सनर उर्क्वेल आणि बुडवार या चेक; बिटबुर्गर, येफर आणि रोटहाउसची टानेनत्सेप्फ्ले या जर्मन. पाचांची अल्कोहोलची मात्रा अनुक्रमे ४.४, ५.०, ४.८, ४.९ आणि ५.१ टक्के, म्हणजे त्या दृष्टीने फार फरक नाही. बुडवारला पिल्सनरांच्या पंक्तीत बसवणे चेक माणसाला खटकेल हे मला ठाऊक आहे, कारण तिकडे पिल्सनर हे नाव प्ल्झेनच्या बिअरपुरते राखलेले असते आणि बाकीच्यांना नुसते फिकट ‘लेझाक’ म्हणतात. तरीही चेक ढंगाचा दुसरा नमुना हवा होता म्हणून ती घेतली.

माझा नवरा दारू पीत नाही, त्यामुळे ओतण्याचे आणि क्रमांक लावण्याचे काम त्याच्याकडे सोपवले. सर्व बाटल्या ७ अंशांवर आणून प्रत्येकाला साधारण १०० मिलिलिटर दिली. गुणपत्रक बीजेसीपी या अमेरिकेतील बिअर-परीक्षक संस्थेच्या पद्धतीचे होते: वासाला १२, रूपाला ३, चवीला २०, तोंडातील स्पर्शाला ५ आणि एकंदर परिणामाला १०, असे ५० पैकी गुण.

आता माझी चूक. तिसऱ्या क्रमांकाच्या ग्लासातील फेस अर्ध्या मिनिटात बसला आणि सोड्याच्या पाण्यावर असतात तसे चार मोठे बुडबुडे तेवढे उरले. मी रूपाचे दोन गुण कापले, तेथवर ठीक होते. परंतु पुढे मी लिहिले, "वास मंद, चव मिळमिळीत, शेवट पाणचट", आणि एकूण ३१ गुण दिले. उरलेल्या तिघांनी त्याच बिअरला ३६ ते ३८ दिले होते. क्रमांक उघडल्यावर ती बिटबुर्गर निघाली, आणि तिघांच्याही ग्लासांत तिचा फेस शेवटपर्यंत टिकलेला होता. मग नवऱ्याने माझा ग्लास उजेडात धरला, तर काठावर तेलकट बोटांचे ठसे स्पष्ट दिसत होते. चखणा बंद असा नियम मीच घातला होता, आणि स्वयंपाकघरातून जाता जाता भाजणीची चकली मोडून खाल्ली होती तीही मीच. तेलाचा स्पर्श होताच फेस मरतो हे मला पुस्तकातून माहीत होते. मात्र रूपाचे जेमतेम तीन गुण उरलेल्या सत्तेचाळीस गुणांनाही आपल्यामागे ओढून नेतात, हे त्या दिवशी कळले. स्वच्छ ग्लासात पुन्हा चाखल्यावर मी तिला ३६ दिले.

दुसरी गोष्ट कडवटपणाची. आपण सगळेच "ही जास्त कडू, ती कमी कडू" असे बोलतो, आणि पहिल्या फेरीत आमच्याही पत्रकांवर तेच होते. दुसऱ्या फेरीत मी प्रत्येक घोट गिळल्यावर मनात वीस अंक मोजले. येफरचा कडवटपणा पहिल्या अंकापासून चढत जाऊन जिभेच्या मागे कोरडा, काहीसा गवती होऊन थांबतो. उत्तर समुद्राजवळच्या त्या गावच्या बिअरची ख्यातीच तशी आहे. उर्क्वेलचा कडवटपणा मोजमापाने फारसा कमी नसावा, परंतु त्याच्याखाली भाकरीच्या खरपूस पापुद्र्यासारखी मॉल्टची गोडी असल्यामुळे तो उशिरा जाणवतो आणि आठ-दहा अंकांत स्वच्छ निघून जातो. ही गोडी काही अंशी तेथील रीतीमुळे येते: मॉल्ट-पाण्याच्या घोळाचा काही भाग बाजूला काढून उकळायचा आणि परत मूळ घोळात मिसळायचा, असे तीन वेळा केले जाते. कडवटपणा किती आहे यापेक्षा तो कसा उतरतो हे पाहू लागल्यापासून माझ्या पत्रकांना काही अर्थ आला.

दुसऱ्या फेरीअखेर माझे गुण असे झाले: उर्क्वेल ४१, येफर ३९, बुडवार ३८, रोटहाउस ३७, बिटबुर्गर ३६. "उर्क्वेल मी झोपेतही ओळखेन" असे सांगून बसलेल्या आमच्या मित्राने ठामपणे बुडवारच्या ग्लासाकडे बोट दाखवले, हेही नोंदवून ठेवते.

नाशिकचा_निवांत

ताई, लेख फार आवडला. माझी शंका बाटलीच्या रंगाविषयी आहे. काही महिन्यांपूर्वी येथील एका दुकानातून हिरव्या बाटलीतील आयात पिल्सनर आणली होती. दुकानाचे आणि बिअरचे नाव मुद्दाम देत नाही. ती उघडताच तापलेले रबर आणि हिंगाची डबी एकत्र उघडल्यासारखा वास आला. माझ्यासोबतच्या मित्राचे म्हणणे असे की युरोपातील पिल्सनरला असाच वास असतो आणि आपल्याला त्याची सवय नाही इतकेच. खरे काय समजावे?

प्रयोगवही

निवांत, तुमचे नाक बरोबर आहे आणि मित्राचे म्हणणे चूक आहे, तरी ही समजूत युरोपातही पुष्कळांची असते. हॉप्समधील कडू घटकांवर प्रकाश पडला की बिअरमधल्याच रायबोफ्लेविन या जीवनसत्त्वाच्या मदतीने त्यांचे विघटन होते आणि गंधकयुक्त असा एक पदार्थ तयार होतो, जो अत्यल्प प्रमाणातही नाकाला जाणवतो. तपकिरी काच हा प्रकाश बऱ्यापैकी अडवते, हिरवी फारच थोडा अडवते, आणि पारदर्शक जवळजवळ अडवतच नाही. त्यामुळे दुकानात ट्यूबलाइटखाली महिनाभर उभी राहिलेली हिरवी बाटली बिघडली, तर त्यात बिअर बनवणाऱ्याचा दोष नसतो.

खात्री करायची असेल तर तपकिरी बाटलीतील किंवा कॅनमधील कोणतीही हॉप्सदार लागर दोन ग्लासांत ओता, एक ग्लास कपाटात ठेवा आणि दुसरा गॅलरीतील उन्हात ठेवा. नाशिकच्या उन्हाला दहा मिनिटे पुरे होतील. दोन्ही पुन्हा सारख्या थंड करून हुंगा, म्हणजे मित्राशी वाद घालावा लागणार नाही.

मडके_मास्तर

मी पुण्याजवळ बिअर बनवण्याच्या व्यवसायात आहे, म्हणून परीक्षकाच्या खुर्चीसमोर उभ्या असलेल्या माणसाची बाजू मांडतो.

आमच्याकडे पिल्सनर करायची म्हटली की पहिले भांडण पाण्याशी असते. बोअरचे जड पाणी जसेच्या तसे वापरले तर हॉप्सचा कडवटपणा खरखरीत, घशाला ओरबाडणारा होतो. म्हणून पाणी आधी आरओमधून काढून जवळजवळ कोरे करायचे आणि मग लागतील तेवढेच क्षार मोजून परत घालायचे. दुसरे भांडण हिशेबनिसाशी असते. गव्हाची बिअर दोन-तीन आठवड्यांत ग्राहकापुढे जाते, तर पिल्सनर टाकी अडवून थंडीत पाच-सहा आठवडे बसते. त्या टाकीत तेवढ्या काळात दुसऱ्या बिअरचे दोन घाणे निघाले असते, हे मला दर महिन्याला ऐकून घ्यावे लागते. बुडवारवाले आपली मुख्य लागर ९० दिवस मुरवतात हे मी त्यांना सांगून पाहिले. त्यावर "मग त्यांच्याकडेच नोकरी धरा" असे उत्तर मिळाले.

चाखणाऱ्यांनी घाईची खूण ओळखायला शिकावे, असे मला वाटते. लवकर उपसलेल्या लागरला हिरव्या, कच्च्या सफरचंदाचा वास येतो. मॉल्टचा काढा पुरेसा वेळ उघड्यावर खळखळून उकळला नाही, तर मक्याची कणसे उकडलेल्या पाण्याचा वास राहतो. फिकट मॉल्टमध्ये त्याचे मूळ द्रव्य अधिक असते, म्हणून आम्ही पिल्सनर दीड तास उकळतो. आणि जुनी झालेली बिअर ओल्या पुठ्ठ्यासारखी लागते. हे तीनही वास ज्याने एकदा ओळखले, त्याला गुणपत्रकावर "चव वेगळी वाटली" असे मोघम लिहावे लागत नाही.

आता ताईंना एक प्रश्न विचारतो. तुमच्या ४१ गुणांच्या उर्क्वेलमध्ये तुम्हाला लोण्याचा अंश जाणवला नाही का? माझ्या टाकीत तसा वास आला असता, तर मी घाणा थांबवला असता.

प्रयोगवही

मास्तर, हा प्रश्न येणार याची मला कल्पना होती. होय, अगदी पुसट जाणवला: पॉपकॉर्नच्या रिकाम्या पुड्याला राहतो तेवढा, आणि जिभेवर किंचित गुळगुळीतपणा. तो पदार्थ डायसेटिल. जर्मन पिल्सच्या निकषांत तो दोष मानला जातो, तर चेक फिकट लागरच्या निकषांत तो अल्प प्रमाणात चालतो, कारण तेथील मॉल्टच्या गोडीशी तो जुळतो. म्हणून मी त्याचे गुण कापले नाहीत. हाच वास येफरमध्ये आला असता, तर मात्र कापले असते.

रेघोट्या

हे मला पटलेले नाही. एकाच वासाला एका ग्लासात सौंदर्य म्हणायचे आणि दुसऱ्यात दोष म्हणायचे, याला परीक्षण म्हणावे की वशिला? उद्या मडके मास्तरांनी आपल्या पिंपावर "चेक ढंग" अशी पाटी लावली, तर त्यांचा घाणा वाचेल काय?

मडके_मास्तर

वाचणार नाही, कारण मात्रा महत्त्वाची आहे. आंबवणीत यीस्ट ज्या द्रव्याला जन्म देते त्यापासून डायसेटिल बनते, आणि शेवटी तापमान दोन-तीन दिवस थोडे वाढवून दिले की तेच यीस्ट ते परत शोषून घेते. ही सवड न देता बिअर गार केली, तर डायसेटिल वाढतच राहते आणि आठवड्याभरात ग्लासातून बेकरीचा वास येऊ लागतो. आम्ही थोडा नमुना झाकून गरम पाण्यात वीसेक मिनिटे ठेवतो, गार करतो आणि न तापवलेल्या नमुन्याशेजारी ठेवून हुंगतो. तापवलेल्यात लोणी जाणवले तर टाकीला हात लावत नाही. ठरवून ठेवलेला पुसट अंश आणि निष्काळजीपणामुळे राहिलेला भपकारा यांत फरक करता येतो. मी माझ्या टाकीत तो ठेवणार नाही, कारण माझा ग्राहक त्याला दोषच म्हणेल.

कोथरूडची_कावेरी

रेघोट्या, तुमच्या प्रश्नाचा रोख मला योग्य वाटतो, पण तो मास्तरांपेक्षा ताईंच्या यादीवर लागू पडतो. पायरीला हापूसच्या निकषांवर तपासून कमी गुण देता येत नाहीत, आणि दोघांना आपापल्या निकषांवर गुण दिल्यावर ते आकडे एकाखाली एक मांडताही येत नाहीत. बीजेसीपीच्या याद्यांत चेक फिकट लागर आणि जर्मन पिल्स हे दोन वेगळे प्रकार आहेत. उर्क्वेलचे ४१ आणि येफरचे ३९ म्हणजे उर्क्वेल दोन गुणांनी सरस, असा अर्थ होत नाही. त्या यादीतून एवढेच कळते की चेक गटात उर्क्वेल बुडवारपुढे गेली आणि जर्मन गटात येफर पुढे राहिली.

माझी दुसरी सूचना ओतण्यासंबंधी आहे. दोन वर्षांपूर्वी प्राग आणि प्ल्झेनला गेले असताना पाहिले की तेथे ग्लास आधी थंड पाण्याने विसळतात, नळाचे तोंड ग्लासात घालून आधी दाट, ओला फेस सोडतात आणि मग त्या फेसाच्या खालून बिअर भरतात. वर चांगला तीन बोटे फेस राहतो, आणि कोणी "फेस कमी करा" म्हणत नाही. त्या फेसाच्या झाकणामुळे हॉप्सचा वास टिकतो आणि वायूचा काही भाग आधीच निघून गेल्यामुळे बिअर तोंडात टोचत नाही. प्रत्येक घोटानंतर ग्लासाच्या आतल्या बाजूला फेसाचे एक कडे उरते. मी माझी कडी मोजली तर सात भरली. आपल्याकडे ग्लास तिरका धरून, फेस येऊ न देता काठोकाठ भरण्याला कौशल्य मानतात, आणि वर ती बिअर इतकी गारठलेली असते की वास येण्याचा प्रश्नच उरत नाही. ताईंनी बाटलीतून ओतताना काय केले, हे वाचायला आवडेल.

जाता जाता एक गंमत सांगते: तेथे बिअर मागताना काढ्याची घनता अंशांत सांगतात, आणि बारा अंशांच्या बिअरला ‘द्वानात्स्त्का’ म्हणतात. द्वादशीची आठवण झाल्यामुळे मला तो शब्द एकदाच ऐकून पाठ झाला.

प्रयोगवही

कावेरीताई, यादीबद्दलचा आक्षेप पूर्ण मान्य. पाच आकडे एका रांगेत लिहिले तेव्हाच मी चुकले. ओतताना नवऱ्याने ग्लास आधी तिरका आणि अखेरीस सरळ धरून दोन बोटे फेस येऊ दिला होता. विसळायला मात्र साबण वापरला होता. पुढच्या वेळी खाण्याच्या सोड्याने घासून, भरपूर पाण्याने धुऊन, पालथे घालून वाळवू. फडक्याने पुसणारही नाही.

रेघोट्या

तर मग माझा मूळ प्रश्न आणखी सरळ विचारतो. रोटहाउसला ३७ आणि बिटबुर्गरला ३६ देताना तुम्हाला त्या दोन बिअरमधला फरक खरोखर कळत होता, की आकडे आपोआप उमटत होते? याची परीक्षा सोपी आहे. तीन ग्लास घ्या, दोघांत एक बिअर आणि तिसऱ्यात दुसरी, आणि वेगळा ग्लास कोणता ते ओळखा. नुसत्या अंदाजानेही तीनांत एकदा उत्तर बरोबर येते, तेव्हा एका यशाला किंमत नाही. सहा वेळा करा, आणि निदान पाच वेळा बरोबर आले तरच फरक कळतो असे म्हणू. चार बरोबर येण्याइतके नशीब दहांतून एकदा कोणाचेही असते.

मडके_मास्तर

रेघोट्या, हे मात्र अगदी योग्य बोललात. आम्हीही मॉल्टचा पुरवठादार बदलला की हीच तीन ग्लासांची परीक्षा घेतो. प्ल्झेनच्या भट्टीची यातली शिस्त मला फार भावते. १९९० च्या दशकात त्यांनी लाकडी पिंपांऐवजी पोलादी टाक्या आणल्या, पण थोडी बिअर आजही जुन्या तळघरांत ओकच्या पिंपांतच मुरवतात आणि पोलादातील बिअरची चव तिच्याशी ताडून पाहतात. मोजपट्टी म्हणून जुनी चव जिवंत ठेवायची, ही कल्पना मला गुणपत्रकापेक्षाही मोलाची वाटते.

नाशिकचा_निवांत

गॅलरीतील प्रयोग काल केला. आठव्या मिनिटालाच हिंगाची डबी उघडली. मित्राने दोन्ही ग्लास हुंगले, काही न बोलता कपाटातला उचलला आणि संपवला. आता घरात आणलेल्या बाटल्या मी वर्तमानपत्रात गुंडाळून ठेवतो.

प्रयोगवही

रेघोट्या, शनिवारी तुमची परीक्षा दिली. ग्लास सोड्याने धुतलेले, तापमान ७ अंश, रंगावरून ओळख पटू नये म्हणून दिव्यावर लाल कागद, आणि चकलीचा डबा शेजाऱ्यांकडे. रोटहाउस आणि बिटबुर्गर यांच्या सहा फेऱ्या झाल्या. दुसऱ्या फेरीत मी इतकी निःशंक होते की नवऱ्याला उत्तर लिहून द्यायला लावले, ते चुकले. चौथ्या फेरीत निव्वळ कंटाळून मधल्या ग्लासाकडे बोट केले. ते बरोबर निघाले. एकूण तीन बरोबर, तीन चूक.

मग उर्क्वेल आणि येफर यांच्याही सहा फेऱ्या घेतल्या आणि तेथे सहाही उत्तरे बरोबर आली. पाचव्या फेरीत तर चाखावेही लागले नाही, नुसत्या वासावर उत्तर दिले.

वहीत आता दोन पाने केली आहेत, एक चेक आणि एक जर्मन. जर्मन पानावर येफर वेगळी लिहिली असून रोटहाउस आणि बिटबुर्गर यांचे ३७ आणि ३६ खोडून दोघींची नावे एकाच ओळीत लिहिली आहेत. त्या ओळीसमोर गुणांची जागा मोकळी ठेवली आहे.